कोनाड्यातली रुई

१

गोजरबाईचा डोळा आठ दिवस जगला.

हिंगोलीच्या शिबिरात मोतीबिंदू काढला, पट्टी सुटली आणि सहा वर्षांनी म्हातारीला दारातली म्हैस दिसली, पाण्याचा रांजण दिसला, अकरा महिन्यांच्या नातीचं तोंड दिसलं. "काळी हाय की गं," एवढंच ती नातीबद्दल बोलली. डावा डोळा कधीचाच गेलेला. उजव्यात दिवसातून तीनदा औषध घालायचं होतं, आणि ते काम सुनेकडं, पुनमकडं होतं.

नववा दिवस शनिवार. सकाळी नऊला पुनमनं दोन थेंब घातले. म्हातारी लगेच ओरडली नाही. "पुनम, धुकं काहून पडलं गं?" असं तिनं विचारलं. ओरडली ती पाव तासानं, आणि ते ओरडणं मला मारुतीच्या पारावर ऐकू आलं.

मी तांबडवाडीची पोलीस पाटील. पुसेगावहून आत तीन मैलांवर आमचं गाव. तंटा मिटवायचा, काही विपरीत घडलं तर वर कळवायचं, हे माझं काम. शनिवारचा उपास होता. मारुतीला तेल घालून निघाले होते, ती तशीच गोजरबाईच्या दारात गेले.

वट्ट्यावर आईचं डोकं मांडीवर घेऊन जनकाबाई डोळ्यावर पाणी ओतत होती. जनकाबाई म्हणजे गोजरबाईची थोरली लेक, माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली. बारा वर्षांपूर्वी सासर सोडून आली ती इथंच राहिली. आईचा मोतीबिंदू पिकला तसं तिनं आईला न्हाऊ घालायचं, घास भरवायचा, हाताला धरून परसात न्यायचं. सहा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. पोरगी असावी तर जनकासारखी, असं गावातल्या म्हाताऱ्या म्हणत.

"आशा, हात कर," ती मला म्हणाली आणि औषधाची बाटली माझ्या तळहातावर दाबली. पाण्यासारखा थेंब पडायला हवा होता. पडला तो पांढरा, दाट. वास मला ओळखीचा होता. रुईचा चीक. पायात काटा मोडला की लावतात तो.

मग तिनं आतल्या खोलीकडं बोट केलं. भिंतीतल्या कोनाड्यात, बाटली ठेवायच्या जागेच्या मागं, रुईची एक डहाळी पडली होती. चार पानं आणि एक फुलांचा झुबका. मोडल्या जागी चीक अजून बोटाला चिकटत होता, फुलं ताठ होती.

"दर शनवारी रुईचा हार कोण करतं या घरात?" जनकाबाईनं अंगणातल्या बायांना विचारलं.

सगळ्या पुनमच्या हातांकडं बघत होत्या.

२

शेजाऱ्याच्या गाडीतून जनकाबाई आईला हिंगोलीला घेऊन गेली, बाटलीही सोबत नेली. डहाळी मी ओल्या फडक्यात गुंडाळून घरी नेली. संध्याकाळी दोघी परत आल्या, मागोमाग डॉक्टरांचा फोन आला.

"जखम ताजी होती, चीक आत उतरला. डोळा गेला," ते म्हणाले. "आणि हे हाताचं चुकून लागलेलं नाही, बाई. बाटलीतलं औषध सांडून तिच्यात चीक भरलाय. बाटली दाबायची, तोंड चिकात बुडवायचं आणि सोडायची. आपोआप ओढून घेते."

गोजरबाईचा मुलगा स्वप्निल जीप चालवतो. त्या दिवशी लग्नाचं वऱ्हाड घेऊन तो पहाटे चारलाच वाशिमला गेला होता. परत आला आणि काही न विचारता त्यानं पुनमला केसांना धरून सोयाबीन ठेवायच्या टिनाच्या शेडापर्यंत ओढत नेलं. वैशाखाचे दिवस. दिवस बुडाला तरी त्या टिनाला हात लावता येत नव्हता.

"लेकरू दे."

लेक ऐश्वर्या तिच्या अंगावर पीत होती. त्यानं ती तशीच ओढली. पोरीच्या तोंडातून दूध सांडलं.

"जिनं माझ्या मायच्या डोळ्यात इख घातलं, तिचं दूध माझ्या पोरीला नको."

लेकरू जनकाबाईच्या काखेत गेलं. शेडाला कडी लागली.

मी तिथंच उभी होते. कडी मी काढायला लावली, पुनमला पाण्याचा तांब्या दिला. लेकराचं मात्र बोलले नाही. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती आणि एकालाही ते चुकीचं वाटत नव्हतं. मलाही खात्री नव्हती. ही गोष्ट लिहिताना हे लपवावं असं वाटलं होतं.

जमादारांना फोन लावला. "पाटीलबाई, इथं बंदोबस्त लागलाय. सोमवारी अकराला येतो. तोवर तुमी जबाब लिहून ठेवा. सुनेचंच नाव असंल तर तिला संगंच घेऊन जातो."

"आणि लेकरू?"

"ते बापाकडं राहील की."

माझ्या हातात दीड दिवस होता.

३

रविवारी सकाळी शेडात गेले. कडी काढलेली होती, पण पुनम बाहेर आली नव्हती. पोत्याला टेकून बसली होती. छातीवरचा पदर ओला होऊन वाळला होता, पुन्हा ओला झाला होता.

"काकू, ऐशू रडून राहिली का?"

"झोपली," मी म्हणाले. रडण्याचा आवाज मला येत होता. तिलाही येत असणार.

"शनिवारचं सांग. पहिल्यापासून."

"सहाला उठले. सातला मारुतीमागं जाऊन एकवीस पानं तोडली. हार करून देवळात जळबा काकाच्या हातात दिला. घरी येऊन हात राखेनं घासले, मग साबणानं. माझं लेकरू अंगावर पितं, काकू. चीक ठेवून चालंल का?"

"फुलं तोडली होतीस?"

"फुलं काहून तोडू? मारुतीला आपल्या गावात पानंच वाहतात. रुईचं फूल महादेवाला."

हे मलाही ठाऊक होतं. कोनाड्यातल्या डहाळीला फुलं होती, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

"मग औषध घातलंस."

"आधी लेकराला पाजलं. नऊला बाटली घेतली. पहिला थेंब पांढरा पडला. वाटलं, औषध नासलं का काय. हात मागं घेईस्तोवर दुसरा पडला." ती आपल्या अंगठ्याकडं बघत राहिली. "शुक्रवारी राती पाण्यावानी व्हतं. बराबर आठवतं मला."

"सासूशी तुझं पटत नव्हतं, असं सगळे सांगतात."

"न्हाईच पटत. सासू कुणाची पटती? पण शिबिरात त्यांना मी नेलं. घरात कुणालाच नको व्हतं. जनकाबाई म्हणल्या, म्हातारीला आता काय बघायचं राहिलंय. मी यांच्या मागं लागून लागून नेलं. मीच डोळा आणायचा आन् मीच फोडायचा?"

तिचं खरं वाटत होतं. पण जबाबाच्या कागदावर 'खरं वाटतं' असं लिहिता येत नाही. आणि घरात त्या सकाळी माणसं होती तीनच: पुनम, जनकाबाई, आणि जिचा डोळा गेला ती.

४

जनकाबाई वट्ट्यावर ऐश्वर्याला चमच्यानं साखरपाणी पाजत होती. पोरगी तोंड फिरवायची, ती हनुवटी धरून पुन्हा चमचा आत सारायची. मागं खाटेवर गोजरबाई पट्टी बांधून पडलेली.

"मी सांगते ते लिही, आशा. शनवारी सातला मी मारुतीला गेलते."

"तू? बारा वर्षांत तुला देवळाच्या पायरीवर पाहिलं नाही."

"आईच्या डोळ्यासाठी गेलते. का डोळ्यासाठी बी जाऊ नाही?" तिनं चमचा वाटीत टाकला. "पुनम देवळामागं व्हती. माझ्या डोळ्यांदेखत तिनं ही डहाळी मोडली, फुलासकट, आन् पदराखाली घातली. मला वाटलं, पूजेला असंल."

"हीच डहाळी? देवळामागच्याच झाडाची?"

"हीच. त्याच झाडाची. कितीदा इचारशील? लिही आन् वाचून दाखव."

मी लिहिलं, वाचून दाखवलं. तिनं न अडखळता सही केली.

स्वप्निल रस्त्यावर जीपची काच पुसत होता.

"काकू, तुमी उगा फिरून राहिल्या. सगळं तर उघडं हाय."

"घरात इतक्यात काही वाद झाला होता का?"

"वाद कसला? आक्काचा तेवढा विषय चालू व्हता. दाजीला लकवा मारला. करणारं कुणी न्हाई. त्यांचा निरोप आला, जनकाला धाडा. आता आईला दिसाया लागलं, म्हणून म्हणलं, वैशाख सरला की जा. बारा वर्षं संभाळली. आणखी किती?"

"त्याच माणसाकडं? ज्यानं तिच्या पाठीवर तापला तवा ठेवला?"

"आता हात कुठं हलतो त्याचा? तवा उचलंल कशानं?" तो हसला. त्याला खरंच ते हसण्यासारखं वाटलं होतं.

"जनकाबाई काय म्हणाली?"

"काय म्हणंल? बरं म्हणली." त्यानं फडकं पिळलं. "तुमाला कुणाला धरायचंच असंल तर जळबाला धरा. त्याच्याकडं करवंटीत चीक भरलेला असतो. आन् माझ्या आईनं त्याला भर पारावर चोर म्हणलंय. इचारा गावाला."

ते मात्र खरं होतं. मी स्वतः ऐकलं होतं.

५

जळबा आमच्या मारुतीचा गुरव. सत्तरी ओलांडलेला, पाठीत वाकलेला. देवळीतून त्यानं करवंटी काढून माझ्यापुढं धरली. तळाला तपकिरी, रबरासारखं काहीतरी चिकटलं होतं.

"हा घ्या चीक. काट्याला लावाया ठेवला व्हता. घटकाभरात असा होतो. कामाचा न्हाई राहत."

"मग बाटलीत भरायचा तर?"

"झाड मोडलं की लगेच वाटीत धरायचा. पाणी घातलं तर जरा टिकतो. पण शिळा न्हाई चालत." तो थांबला. "पाटीलबाई, माझ्यावर आलं का हे?"

"गोजरबाई तुम्हाला चोर म्हणाली होती."

"म्हणली. नारळ चोरून खातो म्हणली. आता मारुतीपुढचा नारळ मी न्हाई खाणार तर कोण, मारुती खाणार व्हय?" तोंडात दात नव्हते, तरी तो हसला, मग हसू गेलं. "त्या दिसापासून तिच्या उंबऱ्याला पाय न्हाई लावला मी. तिच्या दारावरून बी जात न्हाई. गावाला इचारा."

मी ओलं फडकं उलगडून डहाळी त्याच्या हातात दिली. त्यानं एक नजर टाकली आणि डहाळी पायरीखाली टाकून दिली.

"ही काहून आणली देवळात?"

"का? रुईच आहे."

"रुईच हाय. पण खदानीवरची रुई हाय."

मला कळलं नाही. चौदा वर्षं मी शनिवार धरते, हार मात्र नेहमी गुरवाच्या हातचाच वाहिलेला. त्यानं माझं मनगट धरलं आणि देवळामागं नेलं. तिथं रुईचं जुनं झाड आहे, माणसाहून उंच. त्यानं एक फूल तोडलं, पायरीखालची डहाळी उचलून आणली आणि दोन्ही उन्हात धरली.

"पान बघू नका, पानावर सगळे फसतात. चीकबी सारखाच. फूल बघा. ही आमची. पाकळ्या पुऱ्या उलगडतात आन् मागं वळतात. रंग फिका जांभळा. कळी लांबट, टोकाला निमुळती. आता ही. पाकळ्या उभ्याच राहतात, वाटीसारख्या. आत पांढऱ्या आन् टोकाला जांभळी शाई लावल्यावानी. कळी वाटाण्यासारखी गोल. दोघी बहिणीच हायत. पण ही कोरड्या, रेताड जागंची. आपल्या काळ्या मातीत तिचं मन रमत न्हाई. गिट्टीच्या गाड्यांसंगं कुठून तरी आली आन् खदानीच्या ढिगावर माजली."

"गावात आणखी कुठं आहे?"

"कुठंच न्हाई. असती तर मला ठाऊक न्हाई का? लेकरं तिची पानं आणून देतात, मी परत धाडतो. मारुतीला तिचं पान मी लागू देत न्हाई."

मी झाडाभोवती फिरले. एकेक फांदी बघितली. उभ्या पाकळ्यांचं एकही फूल त्या झाडावर नव्हतं.

माझ्या पिशवीत जनकाबाईचा जबाब होता. खाली तिची सही होती.

६

खदान गावाच्या पश्चिमेला, गोजरबाईच्या वट्ट्यावरून दिसते. काम बंद पडून आठ वर्षं झाली. खड्ड्यात पाणी, भोवती गिट्टीच्या भुकटीचे ढीग, आणि त्या ढिगांवर कमरेएवढी रुईची झुडपं. सगळ्या फुलांच्या पाकळ्या उभ्या, टोकं जांभळी. भर उन्हात गोडसर वास येत होता.

पायवाटेच्या कडेच्या तिसऱ्या झुडपाची एक डहाळी मोडलेली होती. खाली खोडावर चिकाचा ओघळ सुकला होता. त्याच झुडपाची सात-आठ पानं देठापाशी खुडून तिथंच टाकलेली. पानं कुणाला नको होती. देठातून गळणारा चीक हवा होता.

मी ढिगावर बसले आणि एकेक गोष्ट मनात मांडली.

डहाळी शनिवारी सकाळचीच. आदल्या दिवशीची फुलं वैशाखाच्या उन्हात ताठ राहिली नसती. त्या सकाळी स्वप्निल वाशिमला होता. जळबा त्या घरात गेला नव्हता, आणि त्यानं कुणावर आळ घालायला डहाळी ठेवली असती तर ही ठेवली नसती. दोन्हींतला फरक गावात त्याच्याइतका कुणाला कळत नाही. पुनमला डहाळी हवी होती तर देवळामागं तिच्या हाताशी झाड होतं, कुणाला वावगं वाटलं नसतं. लांब खदानीवर तिनं कशाला यावं?

खदानीवर तिलाच यावं लागेल, जिला देवळामागं रुई मोडताना लोकांनी बघितलं असतं तर त्याचा अचंबा वाटला असता. बारा वर्षं देवळाकडं न फिरकलेली बाई शनिवारी रुई मोडते, हे गाव दिवसभर बोललं असतं. आणि हार कधी केलेला नाही, शनिवार कधी धरलेला नाही, म्हणून तिला रुई म्हणजे रुई. देवाला कोणती चालते आणि कोणती नाही, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मला उठवेना. मी या गावात आले त्याच वर्षी जनकाबाईची ओळख झाली. मी नवी नवरी, ती पंचमीला माहेरी आलेली. बारा वर्षांपूर्वी तिच्या पाठीवरचे फोड फुटले होते तेव्हा त्यांवर हळद-लोणी मी लावलं होतं.

आणि तरीही एवढ्यानं भागणार नव्हतं. उद्या अकराला जमादार आले की ती एवढंच म्हणेल, चूक झाली, झाडं सारखीच दिसतात, दुसरं कुठून तरी तोडलं असंल पुनमनं. खोटं बोलली, हे मी दाखवू शकत होते. चीक तिनंच भरला, हे कुणी बघितलं होतं?

७

जमादार साडेअकराला आले. वट्ट्यावर सतरंजी टाकली, अंगण भरलं. पुनमला शेडाच्या दारात उभं केलं होतं. ऐश्वर्या जनकाबाईच्या कडेवर होती. दोन दिवसांत रडून रडून तिचा आवाज बसला होता.

मी जनकाबाईचा जबाब वाचून दाखवला. मग दोन डहाळ्या सतरंजीवर ठेवल्या.

"जनका, यातली एक कोनाड्यात सापडलेली. एक मी काल देवळामागून आणली. पुनमनं मोडलेली तू डोळ्यांनी पाहिलीस. कोणती ती?"

तिनं बघितलं. एकदा इकडं, एकदा तिकडं. "दोन्ही रुईच हायत. सुकलेली असंल ती."

"मी रात्रभर दोन्ही पाण्यात ठेवल्यात."

"मग मी काय सांगू? रुईला काय नाव लिहिलेलं असतं?" ती अंगणाकडं वळली. "पाटीलबाईचं बघा आता. माझी माय आंधळी झाली आन् ही झाडं ओळखाया लावून राहिली."

दोघं-तिघं हसले. जमादारांनी घड्याळ बघितलं.

"आशा, इकडं आण," मागून आवाज आला. गोजरबाई खाटेवर उठून बसली होती. "चाळीस वर्षं हार मी केलेत. माझ्या हातात दे."

मी दोन्ही तिच्या हातात ठेवल्या. तिनं आधी पानं चाचपली आणि सोडून दिली. मग बोटं फुलांवर गेली. एक कळी तिनं चिमटीत धरली, टोकापर्यंत बोट नेलं. "ही मारुतीमागची." ती उजवीकडं ठेवली. दुसरीची कळी चिमटीत गोल फिरली, पुन्हा फिरली. "ही खदानीवरची. ही घरात कुणी आणली?"

"तीच कोनाड्यात होती," मी म्हणाले.

म्हातारी डहाळी मांडीवर तशीच धरून होती.

"जनका," ती म्हणाली, "शनवारी सकाळी तू खदानीवरून आलीस. मी या वट्ट्यावर बसले व्हते. तवा मला दिसत व्हतं. म्हणलं, धुणं न्हाई, काही न्हाई, काहून गेली आसंल? हातात वाटी व्हती आन् वर पदर धरलेला. मला वाटलं, कुणाकडून ताक आणलं." तिनं श्वास घेतला. "आन् म्हणलं, बघ, माझ्या जनकाची चाल किती वाकडी झाली. सहा वर्षांत मला ठाऊकच न्हाई."

जनकाबाईनं नाही म्हटलं नाही. ऐश्वर्याला या काखेतून त्या काखेत घेतलं.

"चाल बघितलीस," ती आईला म्हणाली. "आठ दिवस डोळा व्हता तुला. एकदा तरी म्हणलीस का, जनका, पाठ दाखव? नातीचं तोंड काळं दिसलं, म्हशीची शिंगं दिसली. आन् हा म्हणला वैशाख सरला की जा, तर तू काय म्हणलीस? सांग की सगळ्यांना. 'मला दिसतंय आता, माझं मी करते, धाडा तिला.' त्या माणसाचं हगणं-मुतणं काढाया मला धाडत व्हतीस. तू आंधळी व्हतीस तवर या घरात मला ताट व्हतं."

"आणि पुनम?" मी विचारलं. "तिनं तुझं काय वाकडं केलं होतं?"

"डोळा तिनंच आणला ना?" जनकाबाई म्हणाली. एवढं साधं होतं ते तिच्या लेखी.

जमादारांनी पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात गोजरबाई पुन्हा बोलली.

"आशा, लिहिलंस का?"

"अजून नाही."

"मग जनकाचं लिहू नको. पुनमचं लिही."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

"सुनेचं काय, सून दुसरी येईल. डोळा तर गेलाच, तो आता येत न्हाई. मला घास कोण भरवंल? परसात कोण नेईल? जनकाचा हात मला ठाऊक हाय. दुसरा हात मला नको." तिनं अंधारात हात पुढं केला आणि जनकाबाईनं तो धरला. जिनं डोळा घेतला तिचाच हात. दोघींनी तो घट्ट धरून ठेवला.

"काकू," स्वप्निल खाली बघत म्हणाला, "आईचंच गेलंय ना? मग आईचं ऐका. घरातलं घरात राहील."

शेडाच्या दारात पुनम उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही, सासूकडं बघितलं नाही. ती ऐश्वर्याकडं बघत होती. माणसं माझ्याकडं बघत होती आणि त्यांतल्या कितीतरी माना होय म्हणत होत्या.

"पाटीलबाई, तुमी लिहाल ते मी नेतो," जमादार म्हणाले.

मी लिहिलं. खदान, झुडूप, वाटी, डहाळी, आणि जनकाबाईचं नाव. लिहिताना एकदा पेन थांबलं. ते कुणासाठी थांबलं हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं नाही. मग सही केली.

८

ऐश्वर्या जनकाबाईच्या गळ्याला चिकटली होती. दोन दिवस तिचाच हात, तिचाच चमचा. मला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पुनमनं तिला पदराखाली घेतलं तर तिनं तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं. पुनम खाली बसली, पोरीच्या ओठांवर दूध पिळलं, आणि तशीच वाट बघत बसून राहिली. जनकाबाईला घेऊन गेलेल्या जमादारांच्या गाडीचा धुरळा खाली बसला तेव्हा कुठं पोरीनं तोंड लावलं.

खाटेवरून गोजरबाई हाका मारत होती. "जनका, पाणी. जनका." मी पाणी नेलं. तिनं पेला हातानं चाचपला, माझी बोटं चाचपली, आणि पेला भिंतीवर फेकला.

पोरीचं पोट भरल्यावर पुनम उठली. घरात गेली नाही. अंगावरच्या लुगड्यानिशी, लेकरू खांद्यावर टाकून ती रस्त्याकडं निघाली. शिरड शहापूरला तिचं माहेर. एसटी एक वाजता फाट्यावर येते.

स्वप्निल आडवा झाला. आवाज एकदम मऊ होता. "पुनम, झालं ते झालं. चुकलं माझं. चल घरात."

ती बाजूनं निघाली.

"आगं, पण आईकडं कोण बघंल?"

पुनम थांबली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"तुमी बघा," ती म्हणाली. "तुमाला दोन डोळे हायत."